चोंदम्माचा दुसरा बार

मंगळवार, ७ मे. पाऊस नाही. मिरी पोत्यांत भरून झाली. मांजरीने पिल्लं तिसऱ्यांदा हलवली, आता ती माझ्या रेशमी साड्यांवर आहेत. मागच्या फणसाला सोळा फळं राहिली, त्यातली चार पिकायला आली. संध्याकाळी पूवीचा फोन. रविवारी येते म्हणाली. कालची झोप: पावणेदोन तास, तीही तीन तुकड्यांत.

ही नोंद करून चोंदम्माने वही मिटली, दिवा मालवला आणि छातीवर हात ठेवून ती झोपेची वाट बघत पडली. मडिकेरीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर क्लोटिल्डने मुलींना असंच झोपायला शिकवलं होतं. चुकून रात्रीत मरण आलंच, तर मुलगी नीटनेटकी दिसावी म्हणून. साठ वर्षं झाली, चोंदम्मा अजून तशीच झोपते. म्हणजे झोपायची. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली आणि गेल्या पावसाळ्यापासून झोपेनेही घर सोडलं होतं.

तसा तिला कसला त्रास नव्हता. बेळूरपाडीत पाच एकर कॉफी, एक गाय, एक मांजर आणि दात सगळे स्वतःचे. पण रात्री दोन वाजले, की डोक्यात कोणीतरी दिवा लावल्यासारखं व्हायचं. गॅस बंद केला का? विहिरीवर झाकण आहे का? एकोणीसशे ब्याऐंशी साली चुलत सासूबाईंच्या तेराव्याला आपण बोललो, ते त्यांच्या मुलीला लागलं असेल का? मग ती मुलीला मैसूरला फोन लावायची.

मंगळवारच्या फोनवर पूवीने तोच विषय काढला होता.

"अव्वा, काल रात्री दोनला फोन केलास."

"गॅस बंद आहे का ते विचारायला."

"गॅस तुझा. मी मैसूरला. मला कसं कळणार?"

"तू लहानपणापासून हुशार."

पूवी थोडा वेळ गप्प बसली. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि ती गप्प बसली की समोरच्याला आपोआप बाकावर उभं राहावंसं वाटतं. मग म्हणाली, "रविवारी मी आणि चेंगप्पा गाडी घेऊन येतोय. तुझी खोली लावून ठेवलीय. एकटीला झोप येत नाही तर एकटीनं राहायचं नाही. घराला कुलूप लावायचं."

चोंदम्माने ती खोली पाहिली होती. चौथा मजला, खिडकी उघडली की समोरच्यांच्या फोडणीचा वास, आणि सकाळी चिकोरी घातलेली कॉफी. बावन्न वर्षं स्वतःच्या झाडाची कॉफी प्यायलेल्या बाईला म्हातारपणी चिकोरी पाजणं म्हणजे पाप आहे. पण मुलीसमोर हे कारण टिकलं नसतं.

"रविवारपर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "तोवर रात्री एकदाही फोन आला नाही, तर कुलूपबिलूप काही नाही. कबूल?"

"एकदाही?"

"एकदाही."

"बघू," पूवी म्हणाली. कोडगूतली, म्हणजे कुर्गातली, माणसं 'बघू' म्हणाली की ते निम्मं कबूल असतं.

मंगळवारच्या रात्री शेजारचा बिद्दप्पा सांगून गेला तसा उपाय झाला. बिद्दप्पा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, फौजेतला निवृत्त सुभेदार. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे उपाय असतो, फक्त तो आधी कुणावर करून पाहिलेला नसतो. "अक्का, डोळे मिटून कॉफीची झाडं मोजा," तो म्हणाला होता. "एका ओळीत झोप लागेल." चोंदम्माने वरच्या बांधापासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडाशी तिला आठवलं की त्याच्या बुंध्याला भुसा दिसला होता, म्हणजे आत कीड आहे. मग आठव्याला असेल का, ही शंका. पहाटे चार वाजता ती पायात बूट घालून बॅटरीच्या उजेडात चाळिसाव्या झाडाशी बसली होती. कीड दोनच झाडांना निघाली, पण झोप चाळिसांपैकी एकाही झाडाशी सापडली नाही.

बुधवारी बिद्दप्पाच्या बायकोने, थंगम्माने, दुधात उगाळून जायफळ दिलं. जायफळ जास्त झालं तर माणूस उठतच नाही, असं चोंदम्माने कुठेतरी ऐकलं होतं. आपण उठतो की नाही हे बघायला ती उजाडेपर्यंत जागी राहिली.

गुरुवारी सकाळी मात्र ती बसने विराजपेटला डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर विजापूरकडचा, नुकताच मिसरूड फुटल्यासारखा पोरगा. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत पडायचं नाही, उठून बसायचं. दुपारनंतर कॉफी बंद. हे वाक्य कोडगूत उच्चारायला छाती लागते, म्हणून चोंदम्माला त्याच्याविषयी आदर वाटला. आणि तिसरी गोष्ट: "आजी, काळजीला वेळ ठरवून द्या. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच बसून काळजी करायची, लिहून काढायची. रात्री काळजी आली की तिला सांगायचं, उद्या पाचला ये."

हे तिला फार आवडलं. कॉन्व्हेंटातसुद्धा प्रत्येक गोष्टीला घंटा होती. पश्चात्ताप शुक्रवारी चार ते पाच.

गुरुवारी बरोबर पाचला ती ओसरीवर वेताच्या खुर्चीत वही घेऊन बसली. पहिली काळजी लिहिते न लिहिते तोच बिद्दप्पा फाटकातून आत आला.

"काय चाललंय अक्का?"

"काळजी करतेय. साडेपाचनंतर ये."

"तुम्ही करा, मी नुसता बसतो. मला काळज्या नाहीत. फौजेत काढून घेतात." तो पायरीवर बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, "तसं म्हटलं तर गाडीचा ब्रेक."

"कुठल्या गाडीचा?"

"माझ्या. उतारावर जरा विचार करून लागतो. लिहा."

"माझी वही आहे."

"शेवटच्या पानावर लिहा."

शुक्रवारी थंगम्मा आली, आणि तिच्यामागून उत्तय्या. गावात कोणी गेलं की तिरडी बांधण्यापासून खड्ड्यापर्यंत सगळं उत्तय्या बघतो. चाळीस वर्षांत त्याने कुणाचं काही कमी पडू दिलेलं नाही. वजन एकशेआठ किलो. त्याची काळजी एकच होती.

"मी सगळ्यांना उचललं," तो म्हणाला. "मला कोण उचलणार?"

सगळ्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. प्रश्न रास्त होता.

"बांबू कसला वापरणार त्यावर आहे," बिद्दप्पा म्हणाला.

"तोच तर विचार करतोय रात्रंदिवस."

"याला क्रमांक किती दिला?" थंगम्माने वहीत डोकावून विचारलं. "अठरा? आणि माझ्या गुडघ्याला एकवीस? अक्का, माझा गुडघा याच्या आधीपासूनचा आहे."

"आलेल्या क्रमाने लिहिलंय."

"मग उद्या मी पावणेपाचलाच येते."

साडेपाच वाजले तेव्हा वहीत एकतीस काळज्या झाल्या होत्या. त्यांतल्या चोंदम्माच्या स्वतःच्या सहा. रात्री दोनला तिने आपल्या सहा काळज्यांना उद्या पाचला या म्हणून सांगितलं आणि त्या मुकाट्याने गेल्याही. पण उरलेल्या पंचवीस परक्यांच्या. पाहुण्यांना दारातून परत पाठवायचं कॉन्व्हेंटात शिकवलं नव्हतं. ती उत्तय्याच्या बांबूचा विचार करत सकाळपर्यंत छतातल्या वाशांची जाडी अजमावत राहिली. फोन मात्र केला नाही. दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवला.

शनिवारी रात्री तिने मोहाला जागाच ठेवली नाही. फोन तांदळाच्या डब्यात घातला, झाकण लावलं, झाकणावर पाटा ठेवला. एकच रात्र काढायची होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी घरामागे धडाम्‌ असा आवाज झाला. आधी पत्रा वाजला, मग काहीतरी मोडलं, मग गाय हंबरली. मे महिना, पिकलेला फणस आणि रात्रीचा आवाज, यांचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. चोंदम्मा उठली. हत्तीसाठी फटाके असतात. तिचे फटाके दिवाळीपासून मोरीच्या फळीवर होते. एक पेटवला तर तो खोकला आणि विझला. पत्रा पुन्हा वाजला. मग तिने भिंतीवरची नवऱ्याची दुनळी काढली, मागचं दार बोटभर उघडलं, नळी आकाशाकडे केली आणि बार उडवला.

गाय गप्प झाली. रातकिडे गप्प झाले. आणि त्या शांततेत चोंदम्माला आपण काय केलं ते कळलं.

कोडव्यांच्या घरातून एक बार आला, की मुलगा झाला. डोंगरापलीकडच्यांनाही ते कळतं, म्हणूनच उडवतात. चोंदम्मा चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि तीन वर्षांची विधवा. आता घराघरांत माणसं अंथरुणात उठून बसली असतील आणि एकमेकांना विचारत असतील, की बार कुणाकडचा, आणि थंगम्मा, जिचे कान ससाण्याच्या डोळ्यांसारखे आहेत, सांगत असेल की अक्कांकडचा. ही बातमी कशीही करून पुसायला हवी होती. दुसरं काही सुचेना, म्हणून तिने दुसऱ्या नळीचा चाप ओढला.

तो आवाज डोंगरावरून परत यायच्या आत तिला आठवलं, की दोन बार म्हणजे घरात कोणीतरी गेलं.

तिसरा उडवला असता, तर लोक बुचकळ्यात पडून घरीच बसले असते. पण नळ्या दोनच होत्या आणि काडतुसांचा डबा साड्यांच्या कपाटात, मांजरीच्या पिल्लांखाली.

पंधरा मिनिटांत फाटकाशी बॅटऱ्या हलायला लागल्या. चोंदम्मा नवऱ्याचा स्वेटर चढवून, हातात बंदूक घेऊन ओसरीवर उभी राहिली.

"कोण गेलं?" अंधारातून बिद्दप्पाचा आवाज आला. मोठा, पण दुखवट्याचा.

"कोणी नाही."

"अक्का, या घरात तुम्ही एकट्याच राहता."

"हो."

"मग तुम्हीच असणार."

"मी गेले तर बार कोणी उडवले?"

"हा मुद्दा थंगम्मानं निघतानाच काढला होता. मी म्हटलं, आधी जाऊन येऊ, मग विचार करू."

त्याच्यामागे थंगम्मा पांढरी साडी नेसून, तिच्यामागे आणखी आठदहा जणं, सगळी पांढऱ्यात. सर्वांत शेवटी उत्तय्या, खांद्यावर दोन लांब बांबू घेऊन. चोंदम्माला जिवंत पाहून त्याने बांबू खाली ठेवले. त्याला आनंद झाला हे खरं, पण किंचित उशिरा झाला.

घरामागे जाऊन बघून आलेल्यांनी सांगितलं, की हत्ती नाही. लाकडांच्या खोपीच्या पत्र्यावर फणस पडलाय, एक नाही, दोन, आणि दावं तोडून आलेली गाय ते खातेय.

"बरं झालं," थंगम्मा म्हणाली. "पूवीला उगाच घाबरवलं मी."

"पूवीला?"

"लगेच फोन केला. म्हटलं, तुझ्या आईच्या घरून दोन बार झाले."

चोंदम्मा पायरीवर बसली. "एकही फोन करायचा नाही असं ठरलं होतं, थंगम्मा. एकही. त्यावर माझं घर होतं."

"तुम्ही कुठे केला? मी केला."

परत लावला, तर लागेना. म्हणजे पूवी आणि जावई चेंगप्पा निघालेसुद्धा होते, आणि मधल्या जंगलात फोन लागत नाही. बिद्दप्पाने निरोप लिहून पाठवला: 'आई बरी आहे. घाई करू नका. सावकाश या.' लिहून झाल्यावर त्याने तो मोठ्याने वाचला आणि थंगम्माने कपाळावर हात मारला. कारण ज्यांची आई गेली त्यांना आपल्याकडे नेमका हाच निरोप पाठवतात.

आता खरं तर लोकांनी घरी जायला हवं होतं. पण कोणी हलेना. कोणी म्हणालं, आलोच आहोत तर बसू थोडं. मधल्या खोलीत चटया पसरल्या गेल्या. चोंदम्माने विजापूरच्या डॉक्टरची मनातल्या मनात माफी मागून कॉफीचं मोठं भांडं चढवलं. कप वाटताना तिची नजर, साठ वर्षं रोजच्या नोंदी करणारी नजर, एकेकावरून फिरली. बिद्दप्पाच्या बुटांच्या नाड्या सरळ बांधलेल्या. थंगम्माच्या साडीच्या, कोडवा पद्धतीने पाठीमागे घेतलेल्या, निऱ्या एकासारख्या एक. पंधरा मिनिटांत अंधारातून चालत आलेल्या बाईच्या नव्हेत त्या. उत्तय्याच्या बांबूची टोकं वाळलेली, म्हणजे बार ऐकून तोडलेले नव्हेत.

"बिद्दप्पा," ती म्हणाली, "बार झाला तेव्हा तू काय करत होतास?"

"झोपलो होतो."

"बूट घालून?"

बिद्दप्पाने कपात पाहिलं. "ब्रेक तपासत होतो," तो शेवटी म्हणाला. "रात्री दोनला बरं असतं. उतारावर कोणी नसतं."

"आणि थंगम्मा, तू?"

"हा बाहेर पडला की मला झोप येत नाही. मग मी उद्याची साडी नेसून ठेवते."

"रात्री दोनला?"

"तेवढाच सकाळचा वेळ वाचतो. आजची नेमकी पांढरी निघाली."

उत्तय्याला कोणी विचारलं नाही, तरी तो आपणहून म्हणाला, "मी रोज एकेक बांबू दोन दगडांवर ठेवून वर बसून बघतो. आजचे दोन चांगले निघाले."

मग कोपऱ्यातला एक जण म्हणाला की तो रोज रात्री रेडिओ सुटा करून परत जोडतो. दुसरी म्हणाली, ती भांडी घासते, घासलेलीच. बाहेरून बघावं तर बेळूरपाडीत रात्री नऊला सगळे दिवे मालवलेले असतात, आणि आत प्रत्येकाला वाटत असतं की जगात आपणच एकटे जागे आहोत.

"गेल्या पावसाळ्यापासून मी छताकडे बघतेय," चोंदम्मा म्हणाली. "आणि तुम्ही सगळे उठून बसलेले. एकानं तरी सांगायचं."

"कसं सांगणार," बिद्दप्पा म्हणाला. "तुम्ही झोपलेल्या असाल असं वाटायचं."

मग गप्पा लागल्या. बिद्दप्पाने फौजेत असताना पाहिलेले गेंडे, कुणाच्या लग्नात सांडलेली डुकराच्या मटणाची परात, बारीक आवाजात, दुखवट्याला बसल्यासारख्या. चोंदम्मा खुर्चीत मागे टेकली. पाय गार पडले म्हणून थंगम्माने तिच्यावर पांढरी शाल घातली, हनुवटीपर्यंत. सवयीने तिचे हात छातीवर गेले.

सव्वापाचला गाडी फाटकात आली. पूवी चप्पल न घालताच आत धावली. दिवा तेवतोय, चटयांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, दाराशी उत्तय्या आणि दोन बांबू, आणि मधोमध हनुवटीपर्यंत पांढऱ्या शालीत आई, डोळे मिटलेली, हात छातीवर. पूवीने आईचे पाय धरून त्यांवर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. सगळे एकदम बोलायला लागले, त्यामुळे कुणाचंच ऐकू गेलं नाही.

"हात गार आहेत तुझे," शालीतून आवाज आला. "पाय सोड." आणि चोंदम्मा परत घोरायला लागली.

ती उठली साडेसातला. साडेतीन तास, ते एक वाक्य सोडलं तर सलग. तोवर पूवीचं रडून झालं होतं आणि रागावून व्हायचं होतं. गावकरी गेले होते. बिद्दप्पा आणि थंगम्मा निकाल ऐकायला थांबले होते.

"फोन आला, अव्वा," पूवी म्हणाली. "आणि साधा नाही आला. आता काही ऐकणार नाही. बॅग भर."

चोंदम्माने बॅग आणली नाही. ती समोर बसली. "मैसूरला रात्री दोनला जाग आली तर मी काय करू? तिथे सगळे झोपलेले. इथे सगळं गाव जागं आहे, मला रात्रीच कळलं. मला एकटीला झोप येत नव्हती, पण मी एकटी नव्हतेच." मग ती थंगम्माकडे वळली. "तू हिला फोन केलास तेव्हा घंटा किती वेळा वाजली?"

"पुरती एकदासुद्धा नाही," थंगम्मा म्हणाली.

सगळ्यांनी पूवीकडे पाहिलं. पूवीने नवऱ्याकडे पाहिलं, बोलू नकोस अशा डोळ्यांनी. पण चेंगप्पा तीन तास गाडी चालवून दमला होता, आणि दमलेला माणूस खरं बोलतो.

"ती रोज दोनला उठून फोन समोर घेऊन बसते," तो म्हणाला. "तुमचा फोन आला, गॅसचं बोलून झालं, की झोपते. या आठवड्यात तुमचा फोन आलाच नाही. चार रात्री ही झोपली नाही, मलाही झोपू दिलं नाही. काय झालं असेल, काय झालं असेल."

"मी काही बोलले नव्हते," पूवी म्हणाली.

"तू भिंतीशी बोलत होतीस."

चोंदम्माने लेकीचा चेहरा जवळून पाहिला. मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांखाली कॉफीच्या कपाने उमटावीत तशी वर्तुळं होती. "अगं, मग करत होते तेच बरं होतं की," ती म्हणाली.

"दोनला नको," पूवी म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. "साडेनऊला कर. रोज. मी सांगेन गॅस बंद आहे म्हणून."

"तुला कसं कळणार?"

"मी लहानपणापासून हुशार आहे."

"आणि खोली?"

"ती मला द्या," चेंगप्पा म्हणाला.

पूवी दुपारी जरा टेकते म्हणाली आणि आईच्या पलंगावर, साडी न बदलता, एकदम विझली. संध्याकाळी पाचला मंडळी काळज्या घेऊन ओसरीवर आली, तर चोंदम्माने तोंडावर बोट ठेवून त्यांना परसात नेलं आणि तिथे बसवलं. बिद्दप्पाचा ब्रेक पहिल्या क्रमांकावर घेतला, कारण चेंगप्पाने सकाळी ती गाडी चालवून पाहिली होती आणि तो अजून घाबरलेला होता. निघायच्या गोष्टीचं कोणी नाव काढलं नाही.

साडेआठला तिने वही उघडली.

रविवार, १२ मे. पाऊस नाही. पूवी आणि चेंगप्पा आले, उद्या जातील. पूवी दुपारी एकपासून झोपली आहे, उठवलं नाही. कॉफीचे चौदा कप धुतले, एकाचा कान निघाला.